शेवटची पानं नसलेलं पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयात नारायण धारपांसाठी वेगळं कपाट नव्हतं, पण त्यांची पुस्तकं लांबून ओळखू यायची. खाकी कव्हर, जाड दोऱ्यानं दोनदा-तीनदा शिवलेली बांधणी, घामट बोटांनी काळी पडलेली कड. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के. शेजारी एखादी पुरस्कार मिळालेली कादंबरी कोऱ्या करकरीत अंगानं उभी असायची. तिच्या चिठ्ठीवर दोन शिक्के, त्यातला एक बहुधा ग्रंथपालांचा स्वतःचा. धारप मागितले की ग्रंथपाल चष्म्यावरून बघत विचारायचे, "घरी विचारलंयस का?" मी हो म्हणायचो. घरी अर्थातच विचारलेलं नसायचं.

सातवीत असताना असाच एक संग्रह आणला. शेवटची गोष्ट ऐन भरात आली, आणि पुढची पानंच नाहीत. कुणी फाडली नव्हती. इतक्या हातांतून फिरून ती आपसूक गळून पडली होती. त्या रात्री लाइट गेलेले. ताईनं (ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी) कंदिलाची वात बारीक केली आणि म्हणाली, "मी वाचलंय हे आधी. शेवट सांगते." तिनं वाचलेलं नव्हतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पण तिनं सांगितलेल्या शेवटानं मी आठवडाभर परसाकडे एकटा गेलो नाही.

या पुस्तकातले लेख गेल्या पंधराएक वर्षांत निरनिराळ्या निमित्तानं लिहिलेले आहेत. विषय म्हटलं तर दोन: भयकथा, आणि ज्यांना इंग्रजीतला शब्द उचलून आपण 'कल्ट' म्हणतो ते चित्रपट. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. 'पंथीय चित्रपट' म्हटलं तर कुणाला वाटावं, आता टाळ-मृदुंग निघणार. शेवटी नाद सोडला. माझ्यापुरता अर्थ असा: थिएटरनं ज्याला विसरून टाकलं आणि माणसांनी ज्याला एकमेकांना सांगून-सांगून जगवलं, तो कल्ट सिनेमा. भयकथेचंही तेच. चांगली भयकथा वाचली जाते त्याहून जास्त सांगितली जाते, आणि सांगताना ती बदलते. पुस्तकातले लेख लावायला घेतले तेव्हा लक्षात आलं की मी दोन विषयांवर लिहीत नव्हतोच. एकाच गोष्टीवर लिहीत होतो: भीती एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिचं काय होतं.

'तुंबाड'चंच बघा. हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला, बऱ्यापैकी चालला आणि गेला. २०२४च्या सप्टेंबरात तो पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळवून गेला. सहा वर्षं माणसं एकमेकांना सांगत राहिली, त्याचं हे व्याज. पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या मुळात. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात (तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं) रात्री एका मित्रानं त्यांना धारपांची एक गोष्ट ऐकवली. ते हादरून गेले. १९९७ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला मसुदा लिहिला. एकदा २००८ला चित्रीकरण सुरू होऊन बारगळलं, मग २०१२पासून पुन्हा सुरुवात. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधलं. त्या कादंबरीशी कथेचा काही संबंध नाही, फक्त नावातला तो कुबट, ओला, कोकणी भार घेतलाय.

आता ती धारपांची गोष्ट. तिचं नाव 'आजी'. आणि ती बेतलेली आहे स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवर. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं घर, अकरा वर्षांचा मुलगा, आई दवाखान्यात गेलेली, आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, अवाढव्य, आंधळी म्हातारी. त्या कथेत एक नाव येतं: हस्तुर. 'तुंबाड' पाहिलेल्यांनी इथे कान टवकारले असतील. पण ते नावही किंगचं नव्हे. त्यानं ते घेतलं एच. पी. लव्हक्राफ्ट आणि त्याचा चेला ऑगस्ट डर्लेथ यांच्या गोतावळ्यातून. लव्हक्राफ्टनं घेतलं रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५च्या 'द किंग इन यलो'मधून. आणि चेंबर्सनं उचललं अँब्रोज बिअर्सच्या १८९१च्या एका छोट्या कथेतून, जिथे हस्तुर हा धनगरांचा देव आहे. चांगला, मायाळू, मेंढरं राखणारा. त्या कथेतला धनगर सकाळी उठून त्याची प्रार्थना करतो.

धनगरांचा देव म्हणून जन्मलेलं एक नाव सव्वाशे वर्षं चारचौघांच्या पुस्तकांतून राक्षस होत होत फिरलं आणि शेवटी सह्याद्रीच्या पावसात, 'तुंबाड'मधल्या वाड्याखालच्या विहिरीत येऊन बसलं. मधल्या कुठल्या टप्प्यावर 'हस्तुर'चा 'हस्तर' झाला याचा हिशेब लावायला मी बसत नाही. बिरोबाच्या मुलखात येऊन पोचला, एवढं मला पुरे.

उसनवारीचा विषय निघालाच आहे तर आधी तो संपवतो. धारपांची 'लुचाई' किंगच्या 'सेलम्स लॉट'वर आणि 'शपथ' त्याच्या 'इट'वर बेतलेली आहे. हल्ली कुणीही मूळ आणि मराठी शेजारी ठेवून ताळा करू शकतो, आणि तसा तो करून "म्हणजे सगळं चोरलेलंच की!" असं म्हणणारी माणसं मला दर सहा महिन्यांनी भेटतात. त्यांना काय सांगावं? मुळाचा उल्लेख ठळकपणे व्हायला हवा होता, यात वाद नाही. पण शंभरावर पुस्तकं लिहिणारा हा माणूस नुसता उतरवून काढत होता, हे मला पटत नाही. भयकथा उतरवून काढता येत नाही. विनोदासारखंच आहे ते. शब्दाला शब्द ठेवला की मरते. दुसऱ्या घरात ती जिवंत करायची तर त्या घरात काय दडवून ठेवलंय ते ठाऊक असावं लागतं.

'ग्रॅमा'मधली म्हातारी त्या मुलासाठी जवळजवळ परकी आहे. तिच्या देखभालीसाठी कुटुंब मुद्दाम येऊन राहिलंय. आपल्याकडे आजी बाहेरून येत नाही. ती असतेच. आमच्या घरी वडिलांची आजी माजघरालगतच्या खोलीत सहा वर्षं पडून होती. खोलीला निरगुडीच्या तेलाचा आणि ओल्या फडक्याचा वास. झोपतानाही तिचे डोळे पूर्ण मिटत नसत. एकदा सगळे लग्नाला गेले आणि मला तिच्या उशाशी बसवलं, पाणी मागितलं तर द्यायला. संध्याकाळी तिनं मला हाक मारली, पण माझ्या नावानं नाही, तिच्या मेलेल्या भावाच्या नावानं. मी फुलपात्र हातात धरून तसाच उभा. रात्री आईला सांगितलं तर आई म्हणाली, "घाबरायचं काय त्यात? आपलीच आहे ना?"

त्या 'आपलीच आहे ना'मध्ये मराठी 'आजी'ची सगळी ताकद आहे. भुताला भ्यायची परवानगी असते. पणजीला भ्यायची नसते, ते पाप. किंगच्या मुलाला नुसती भीती वाटते, मराठी मुलाला भीतीची लाजही वाटते, आणि ती लाज त्याला खोलीतून पळू देत नाही. 'तुंबाड'मध्ये साखळीनं बांधलेल्या त्या म्हातारीला घास भरवायला पोराला जावं लागतं, तेव्हा थिएटरात माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच "अगं बाई" म्हणाले. गृहस्थ होते, आणि "अगं बाई" म्हणाले. माणूस आपल्या घरात परत गेला की असंच बोलतो.

(चित्रपटाबद्दल माझी तक्रारही आहे आणि ती पुढे एका लेखात सविस्तर आली आहे. थोडक्यात: १९१८ सालचं कोकणातलं ब्राह्मण घर हिंदी बोलतं, हे मला आजही टोचतं. आणि हस्तर दिसतो तेवढा दिसायला नको होता. पिठाचं रिंगण आणि कणकेची बाहुली पुरेशी होती. अन्नासाठी भुकेला देव आणि सोन्यासाठी भुकेला माणूस समोरासमोर असताना मेकअपकडे कोण बघतो?)

परक्या भुताला आपल्या घरात आणण्याचं दुसरं उदाहरण हलकंफुलकं आहे, म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला', १९९३. 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण मूळ चित्रपटातली बाहुली दुकानात विकत मिळणारी आहे, जाहिरात पाहून मुलानं हट्टानं मागितलेली. तिची भीती बाजारातून येते. १९९३च्या मराठी घरात तसली महागडी बाहुली कुणाकडे होती? आपल्याकडे बाहुला म्हणजे शब्दभ्रमकाराच्या मांडीवर बसून मोठ्यांना टोमणे मारणारा बोलका बाहुला. पाध्यांचा अर्धवटराव दोन पिढ्यांनी पाहिलेला. म्हणून इथे लक्ष्मीकांत बेर्डे शब्दभ्रमकार झाला, आडनाव बोलके, आणि त्यातल्या खुनी तात्या विंचूचा बाहुला प्रत्यक्ष रामदास पाध्यांनी घडवला. जो दुसऱ्याच्या आवाजात बोलतो तो एक दिवस स्वतःच्या आवाजात बोलला तर? हा प्रश्न मूळ चित्रपटात नाहीच. माझ्या भाच्याच्या पिढीतले कितीतरी जण घरातली बाहुली रात्री तोंड भिंतीकडे करून ठेवत.

रत्नाकर मतकरींवर या पुस्तकात दोन लेख आहेत, ते कमी आहेत याची जाणीव आहे. ते आपल्या कथांना भयकथा न म्हणता गूढकथा म्हणत, आणि हा नुसता शब्दाचा आग्रह नव्हता. धारपांच्या जगात समर्थ हे तारणारं पात्र आहे. कितीही काळोख दाटला तरी निरोप जातो, समर्थ येतात, वाचक सुटकेचा श्वास टाकतो. मतकरींच्या जगात कुणी येत नाही. बँकेतली नोकरी, चाळीतली किंवा फ्लॅटमधली खोली, बायको स्वयंपाकघरात, आणि भीती माणसाच्या आतूनच वर येते. लहानपणी मला धारप जास्त आवडायचे. आता मतकरी वाचून पुस्तक मिटलं की उठून पाणी पितो. मे २०२०मध्ये करोनानं ते गेले तेव्हा सगळं शहर दारं लावून आत बसलं होतं. त्यांच्याच कथेतलं वाटावं असं.

आता मराठी भुतांविषयी थोडं, कारण पुढच्या लेखांत ती वारंवार येतील. मराठी भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाणवठ्याशी, देवचार तळकोकणात आणि गोव्यात गावाची हद्द राखतो, समंध पुरलेल्या धनावर बसतो. आणि पत्त्यासोबत प्रत्येकाची एक अडकलेली फाइल असते. मुंज झाली, सोडमुंज राहिली, मधेच मेला: मुंजा. धन साठवलं, मूल झालं नाही: समंध. बाळंतपणात गेली: अलवंतीण. पाश्चात्त्य भूत बऱ्याचदा मूलतःच दुष्ट असतं. आपलं भूत म्हणजे निकाली न निघालेलं प्रकरण. आदित्य सरपोतदारांच्या 'मुंज्या'नं २०२४ साली शंभर कोटींच्या वर धंदा केला, तो देशभरच्या प्रेक्षकांना मुंज म्हणजे काय हे नेमकं कळलं म्हणून नव्हे. हट्टी पोराचं अर्धं राहिलेलं मागणं कुणालाही कळतं.

हे अडकलेल्या फाइलीचं सूत्र ज्या एका चित्रपटानं सर्वांत गंभीरपणे हाताळलं, तो फारसा कुणी पाहिलेला नाही. 'गहराई', १९८०. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर. बंगळूरमधलं सुखवस्तू घर. श्रीराम लागूंनी केलेला बाप गावची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. ती जमीन पोटच्या पोरासारखी सांभाळणारा गडी हे सहन करू शकत नाही. आणि मग शहरातल्या त्या नीटनेटक्या घरातली शाळकरी मुलगी (पद्मिनी कोल्हापुरे, वय पंधराच्या आसपास) बापाला अशा आवाजात जाब विचारू लागते, जो तिचा नाही.

लोक या चित्रपटाला 'एक्झॉर्सिस्ट'ची देशी आवृत्ती म्हणून मोकळे होतात. मला तो तेंडुलकरांच्या नाटकांच्या रांगेत बसणारा वाटतो. पोरीच्या अंगात सैतान आलेला नाही, सातबारा आलाय. बाप विवेकवादी. त्याला मांत्रिक-तांत्रिक मान्य नाहीत, आणि लागूंना त्या भूमिकेत पाहताना प्रत्यक्ष आयुष्यातले देवाला निवृत्त करा म्हणणारे लागू आठवल्यावाचून राहत नाहीत. पण त्याच्या विवेकाला हे दिसत नाही की जमीन विकण्याचा कागद कायदेशीर असला तरी सगळे हिशेब मिटत नाहीत. घरात भोंदू येतात, त्यातल्या एकाची नजर पोरीवर. चित्रपट श्रद्धेच्या बाजूनं नाही आणि अश्रद्धेच्याही नाही. आपल्याकडे अशा चित्रपटाला बसायला जागा मिळत नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला भाड्याच्या कॅसेटवर. मधली दहा मिनिटं नुसत्या पांढऱ्या रेघा, आवाज मात्र चालू. त्या दहा मिनिटांत काय घडतं ते मी मनानं जुळवलं होतं. पुढे धड प्रत मिळाली. माझी दहा मिनिटं जास्त भयंकर होती.

रामसे बंधूंना या पुस्तकात मी मुद्दाम मोठी जागा दिली आहे. काही मित्रांनी नाकं मुरडली. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबई, लॅमिंग्टन रोड. सात मुलगे. १९७०चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक ओरडतात, हे थिएटरात बसलेल्या भावांनी हेरलं. मग तेवढाच प्रसंग ताणून चित्रपट का करू नये? सगळं कुटुंब, बायका-पोरांसह, महाबळेश्वरला गेलं. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनावर, दोन दिग्दर्शक. सुमारे चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये. १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' असा झाला.

चित्रपट चांगला आहे का? नाही. पण त्यांचाच पुढचा 'पुराना मंदिर' तालुक्याच्या तंबूत पाहिलेला मनुष्य त्यातल्या सामरी या राक्षसाचा चेहरा विसरलेला मी पाहिला नाही. तो चेहरा अनिरुद्ध अग्रवाल यांचा; शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर, रुरकीचे. मेकअप कमीच लागायचा, असं म्हणतात.

रामसेंचा विचार करताना मला नेहमी कॅन्ससमधला हर्क हार्वी आठवतो. कारखान्यांसाठी, शाळांसाठी माहितीपट बनवणारा साधा नोकरदार. प्रवासात सॉल्ट लेकजवळ ओसाड पडलेला सॉल्टेअरचा नाचमंडप त्याला संध्याकाळच्या उजेडात दिसला, आणि त्या एका जागेपायी त्यानं रजा काढून, सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये 'कार्निव्हल ऑफ सोल्स' केला. १९६२ साली त्याला कुणी विचारलं नाही. मग अमेरिकेतल्या टीव्हीवर अपरात्री लागत राहिला, लोकांच्या झोपेत शिरला, आणि १९८९मध्ये पुन्हा थिएटरात आला. हार्वीनं दुसरा कथापट केला नाही; रामसे थांबलेच नाहीत. पण दोघांची सुरुवात एकच. आधी वास्तू, मग गोष्ट. महाबळेश्वरचं धुकं आणि रिकामा बंगला पाहिल्यावर कथा कुणालाही सुचते. पैसे नसलेल्याला मात्र ती तिथेच घडवावी लागते.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. बंगाली भूतकथा नाहीत, कारण त्या मी अनुवादातून वाचल्यात आणि भयकथेबाबत मी अनुवादावर मत देत नाही. जपानी चित्रपट नाहीत. त्यांवर लिहिणारे माझ्याहून जाणते आहेत. 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटावर लेख लिहायला घेतला होता, पण त्यातल्या गाण्यांच्या पुढे सरकता आलं नाही. लेख मूळ क्रमानं लावलेले नाहीत. कुठूनही वाचा. कथांचे शेवट मी शक्य तिथे फोडलेले नाहीत, दोन ठिकाणी इलाज नव्हता.

पुस्तकाचं काम चालू असताना तो सातवीतला संग्रह मी पुन्हा शोधला. नवी आवृत्ती, धड बांधणी, शेवटची पानं जागच्या जागी. वाचला. मग ताईला फोन लावला. ती आता नाशिकला असते. तिच्या नातीला ती तीच गोष्ट सांगते, कंदिलाऐवजी मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरून, आणि अजूनही धारपांच्या नावावर. मी म्हटलं, "अगं, खरा शेवट मिळाला. सांगू?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "थांब, पोरगी इथेच आहे," आणि फोन ठेवून दिला.